तीनशे अकरा

आमच्या गावच्या शाळेत तीन शिक्षक होते. दोघांना गाव गुरुजी म्हणे आणि तिसऱ्याला नुसतं मास्तर. तिघांत खरं शिकवता येत होतं ते या तिसऱ्याला, पण ते गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीतले. छप्पन साली वस्तीतली सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, घरातले देव निघाले, भिंतींना नवा चुना लागला. गावानं मात्र त्यांना मास्तरच ठेवलं. मीही मास्तरच म्हणायचो.

शाळेच्या ओसरीत पाण्याचा माठ असे. आम्ही पोरं त्यात पेला बुडवून पाणी प्यायचो. मास्तर ओंजळ धरून उभे राहत आणि वरच्या वर्गातलं कुणीतरी वरून ओतत असे. कित्येकदा मी ओतलं आहे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते सांगायचं आहे, आणि ते एकाएकी घडलं असं कुणाला वाटायला नको.

मास्तर गणित शिकवायचे आणि त्यांच्या गणिताचा शेवट उत्तरानं होत नसे, ताळ्यानं होत असे. उत्तरातले सगळे अंक एकमेकांत मिळवायचे, जी बेरीज येईल तिचे अंक पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. ज्या दोन संख्या गुणल्या त्यांचंही तसंच करायचं, आणि त्या दोन अंकांच्या गुणाकाराचा पुन्हा एक अंक काढायचा. दोन्हीकडं तोच अंक आला तर गणित बरोबर असण्याची आशा आहे. वेगळा आला तर ते चुकलं म्हणजे चुकलंच. "ताळा नाही केला त गणित अर्धं राह्यलं, बाबू," असं म्हणून ते पाटी परत करायचे. उत्तर बरोबर असलं तरी परत करायचे.

आकडे काढण्याचीही त्यांची शिस्त होती. एकाला वर गोल गाठ पाहिजे आणि शेपटी खाली ओळीपर्यंत आलीच पाहिजे. कुणी तोडकी शेपटी काढली की पाटीवर बोट ठेवून म्हणायचे, "हा एक बिमार हाये. याले नीट कर." माझे एक कधी बिमार नसत. मास्तरांनी वर्गाला दाखवायला माझी पाटी कितीदा तरी उचलली असेल.

नागपूरहून आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी चौकटीची एक जाड वही आणली आणि तिच्यात एक गुणाकार सुरू केला. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, अशा ज्या संख्यांना एक सोडून दुसऱ्या कुठल्याच संख्येनं नि:शेष भाग जात नाही त्यांना मूळ संख्या म्हणतात. हजाराच्या आत त्या एकशे अडुसष्ट आहेत. मास्तरांना त्या सगळ्यांचा गुणाकार करायचा होता. दोन त्रिक सहा, सहा पंचे तीस, तीस साती दोनशे दहा, इथवर आम्हीही त्यांच्याबरोबर होतो. पुढं पंधरा अंक झाले, तीस झाले, मग एकेक गुणाकार अर्धं पान खाऊ लागला.

"हे काहून करून राह्यले, मास्तर?" मी एकदा विचारलं.

"या संख्या कोणाच्या पाढ्यात येत नाहीत," ते म्हणाले. "आपल्या आपण उभ्या हायेत. सगळ्याइले एका जागी आणलं त केवढं होते, ते पाह्यचं हाये मले."

मला ते उत्तर तेव्हा फारसं कळलं नाही, आणि कळलं तेव्हा उपयोग उरला नव्हता. शाळा, जनगणना, मतदारयाद्या, गुरांची शिरगणती, सगळं सांभाळून त्यांना पाच-सहा वर्षं लागली. उत्तर चारशे सोळा अंकांचं आलं. दर पायरीला ताळा केलेला होता. तरी त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी दुसरी वही घेतली आणि उलट्या टोकानं, नऊशे सत्त्याण्णवापासून खाली उतरत, सगळं पुन्हा केलं. मधल्या सगळ्या पायऱ्या वेगळ्या आल्या आणि शेवटी तीच संख्या आली. ज्याला गणित कळतं त्याला यापुढं आणखी पुराव्याची गरज नसते, आणि मला गणित कळत होतं.

तोवर मी नागपूरहून एम.एस्सी. होऊन यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो होतो. एका उन्हाळ्यात उत्तरेतल्या एका मोठ्या तंत्रसंस्थेत कॉलेजशिक्षकांसाठी वर्ग निघाला, त्यात माझा नंबर लागला. तिथं मी कॉम्प्युटर पाहिला. एका थंड खोलीत तो होता. बाहेर लू चालायची आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो. परत आलो तो वेगळाच होऊन. बोलताना 'मले-तुले' बंद झालं, आणि दर तिसऱ्या वाक्यात 'आमच्या यंत्रावर' यायला लागलं. यंत्र माझ्या बापाचं असल्यासारखा मी बोलायचो.

या यंत्राशी फोरट्रान नावाच्या भाषेत बोलावं लागे. भाषा हुशार होती, पण तिच्या पूर्णांकाला दहाच घरं होती. अकरावा अंक आला की ती तक्रार न करता वरचा अंक गुपचूप टाकून द्यायची आणि उरलेला आकडा मोठ्या ऐटीत छापायची. मास्तरांची संख्या चारशे सोळा अंकांची होती. मला चेव चढला. भाषेला येत नसेल तर आपण तिला जोड देऊ, मोठ्या संख्यांचं अंकगणित शिकवू.

तसं पाहिलं तर मी तिला जे शिकवलं ते तिसरीच्या पाटीवरचंच होतं. संख्येचे उजवीकडून चार-चार अंकांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या घरात ठेवायचा. किती घरं भरली ते पहिल्या घरात लिहायचं. गुणताना सगळ्यात खालच्या घरापासून सुरुवात करायची. उत्तरातले शेवटचे चार अंक त्याच घरात राहतील, वर उरेल तो हातचा, आणि हातचा पुढच्या घराच्या उत्तरात मिळवायचा. शेवटच्या घरानंतरही हातचा उरला तर नवं घर उघडायचं. असं एकेक काम सबरूटीन म्हणून एकदाच लिहून ठेवलं की नाव घेताच यंत्र ते करतं. नाव इंग्रजी लिपीत सहा अक्षरांच्या आत बसवावं लागे. 'हातचा' बरोबर सहा अक्षरांत बसला. संस्थेतल्या लोकांनी पत्रातून विचारलंही, हे कोणत्या शास्त्रज्ञाचं नाव आहे म्हणून. ते पत्र मी कॉलेजात सगळ्यांना दाखवलं.

यंत्र शेकडो मैलांवर आणि मी यवतमाळात, तेव्हा सगळा कारभार पोस्टानं चाले. चौकटी आखलेल्या कागदांवर एकेका घरात एकेक अक्षर लिहायचं, खाली कार्बन घालून नक्कल ठेवायची आणि पाकीट रजिस्टर करायचं. तिकडं पंचिंगच्या विभागात कोणी तरी ते वाचून कार्डांना भोकं पाडी, कार्डं यंत्राच्या रांगेत लागत, आणि तीन आठवड्यांनी छापील कागदांचा गठ्ठा परत येई. एक स्वल्पविराम राहिला तरी तीन आठवडे गेले. पहिल्या खेपेला मी नमुन्यादाखल थोड्याच संख्या गुणायला पाठवल्या. उत्तर आलं ते मध्ये मध्ये भोकं पडलेलं. ज्या घरात शून्य शून्य चार सात होतं तिथं नुसतं सत्तेचाळीस छापून आलं, पुढं रिकामी जागा. मास्तर हसले होते. "रिकाम्या जागी शून्य मांडाचं, हे बी त्याले सांगावं लागते?" मी शून्य मांडायचं वेगळं सबरूटीन लिहिलं.

याच सुमारास राळेगावच्या एका हायस्कुलात पाचवी-सहावीला गणित शिकवायची जागा निघाली. मास्तरांनी अर्ज केला. त्यांचं ट्रेनिंग झालेलं होतं, नियमात सगळं बसत होतं. मला ते एवढंच म्हणाले, "तिथं पान्याच्या टाकीले तोटी हाये म्हन्तात." पुढं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माठावरचा मी, मला कशाला विचारावं लागतंय.

हायस्कूलच्या मंडळाचे सचिव वकील होते, अतिशय गोड माणूस. नाही हा शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघत नसे, त्यामुळं त्यांनी नाकारलेली माणसं त्यांचे आभार मानून परत जात. मास्तरांच्या मोठ्या संख्येची हकिकत त्यांच्या कानावर होती. ते म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही. पण एवढं मोठं काम केलंय म्हणतात, तर ते एकदा यंत्रावर तपासून येऊ द्या. म्हणजे आम्हालाही मंडळापुढं छाती ठोकून सांगता येईल." त्या शाळेत तोवर डझनभर शिक्षक लागले होते. त्यांतल्या एकाचाही गुणाकार कुठं तपासायला गेला नव्हता. मला हे तेव्हाही दिसलं, पण मी खूश होतो, कारण तपासणारा मी होतो.

दुसऱ्या खेपेचं पाकीट मी स्टाफरूममध्ये बसून तयार केलं. सबरूटीन सगळी सुधारून झाली होती. राहिली होती ती मूळ संख्यांची यादी, एकशे अडुसष्ट आकडे. ती मी मास्तरांच्या वहीवरून उतरवत होतो. वहीत आकडे मराठी, कागदावर काढायचे इंग्रजी. डोळ्यांनी एक वाचायचं आणि हातानं दुसरं लिहायचं. शेजारी कुणीतरी आलूबोंडे मागवले होते, तास संपल्याची घंटा झाली होती, आणि माझं लक्ष निम्मं गप्पांत होतं. सबरूटीन लिहिताना मी श्वास धरून लिहिलं होतं. यादी काय, कारकुनी काम.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भोकं नाहीत, एकसलग, देखणं, चारशे सोळा अंकांचं. मी वही उघडून ताडून पाहिलं. मास्तरांची संख्या एकापासून सुरू होत होती आणि यंत्राची दोनापासून. पुढंही कुठं मेळ नव्हता. शेवटचं शून्य तेवढं दोन्हीकडं सारखं.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आतून गुदगुल्या झाल्या. आठ-दहा वर्षांचं माणसाचं काम मी भाषेला दिलेल्या जोडीनं काही मिनिटांत खोटं पाडलं होतं. दोन्ही वह्यांत तीच संख्या कशी आली, हा प्रश्न मला पडला आणि तो मी लगेच सोडवूनही टाकला. दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्यानं जुळवून घेतलं असणार. मास्तर तेव्हा पंचेचाळिशीचेही नव्हते, पण मनात मी त्यांना म्हातारा म्हणालो, हे मला आठवतं.

रविवारी मी एस.टी.नं राळेगावला उतरलो आणि आधी सचिवांकडं गेलो. आधी मास्तरांकडं जायला हवं होतं, हे कुणी सांगायची गरज नाही. सचिवांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण चेहरा सुटका झाल्यासारखा झाला.

"म्हणजे चुकलंय?"

"पहिल्या अंकापासून."

"पण दोनदा केलं होतं म्हणे?"

"जुळवून घेतलं असेल," मी म्हणालो.

"जुळवून," सचिव म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी जपून ठेवला. मला त्यांनी प्रोफेसर म्हटलं आणि बाहेरपर्यंत पोचवायला आले.

तिथून एका ओळखीच्याची सायकल घेऊन मी सात मैलांवरच्या गावी गेलो. मास्तर ओसरीवर होते. त्यांनी आतून चहा मागवला, मी घाईत आहे म्हणालो. कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि पुस्तकी मराठीत समजावून सांगितलं की आपल्या संख्येत कुठंतरी दोष राहिलेला दिसतो, इतक्या मोठ्या आकडेमोडीत ते स्वाभाविक आहे, यात कमीपणा नाही. ते ऐकत होते आणि पहिल्या अंकांवरून बोट फिरवत होते.

"ताळा केला?" त्यांनी विचारलं.

"यंत्राला ताळा लागत नाही, मास्तर."

ते माझ्याकडं बघत राहिले. बराच वेळ बघत होते, मला वाटलं धक्का बसला. मग म्हणाले, "बरं. हे कागद ठेवू काय मी?" मी ठेवा म्हणालो आणि सायकलवर बसलो.

जागा दुसऱ्याला मिळाली. सचिवांच्या नात्यातला कोणी होता. मी हळहळलो, चारचौघांत बोललोही की बिचाऱ्यांचं नुकसान झालं. मात्र माझ्या जोडीचं नाव झालं. संस्थेनं माझी सबरूटीनं त्यांच्याकडच्या कपाटात ठेवली, दुसऱ्यांना वापरायला दिली. दीड-दोन वर्षं गेली. संस्थेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची एक जागा होती, मी अर्ज केला, मुलाखतीला जाऊन आलो. मुलाखतीत सगळे प्रश्न 'हातचा'वर होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी दुसरंच काही काम तिकडं पाठवलं होतं. पंचिंगच्या विभागात कुणीतरी नवीन, काळजीनं काम करणारी बाई आली असावी. कागद परत आला तो एका चिठ्ठीसह. तुमच्या हातचे काही 'एक' नऊसारखे दिसतात, या दोन ठिकाणी नक्की काय आहे ते कळवावं. पाहिलं तर माझ्या इंग्रजी आकड्यांच्या रांगेत दोन ठिकाणी ठसठशीत मराठी एक बसले होते, वर गोल गाठ, शेपटी खाली ओळीपर्यंत. इंग्रजी डोळ्याला तो नऊच दिसणार. मला आधी हसू आलं. हसता हसताच मी उठून कपाटाकडं गेलो.

जुन्या कार्बन नकला कपाटात होत्या. मूळ संख्यांच्या यादीत चौसष्टावा आकडा तीनशे अकरा. तीन इंग्रजी, पहिला एक इंग्रजी, आणि दुसरा एक मास्तरांचा. तिकडं तो तीनशे एकोणीस म्हणून गेला. तीनशे एकोणीस ही मूळ संख्याही नाही, अकरा गुणिले एकोणतीस आहे. यंत्रानं मुकाट्यानं त्यानंच गुणलं. यंत्र बरोबर होतं, भाषा बरोबर होती, माझी जोड बरोबर होती. चूक एका कारकुनी आकड्यात होती आणि ती दोन वर्षं मास्तरांच्या नावावर चालली होती.

मग मी बसून ताळा केला. यादीवरून मास्तरांच्या संख्येचा सहा यायला हवा, सहा आला. यंत्राच्या संख्येचा तीन आला. चारशे सोळा अंकांची बेरीज, दहा मिनिटंही लागली नाहीत. बेरजेचं सबरूटीन मी लिहिलं, गुणाकाराचं लिहिलं, शून्यं मांडायचं लिहिलं. ताळ्याचं लिहिलं नाही. नावही चारच अक्षरांत बसलं असतं.

संस्थेचं नेमणुकीचं पत्र त्याच आठवड्यात आलं. ते खिशात घालूनच मी गावी गेलो. का घेतलं बरोबर ते मला सांगता येत नाही. मास्तर ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसले होते.

"मास्तर, तुमची संख्या बरोबर होती."

"हो," ते म्हणाले. "चहा घेशीन?"

मी हो म्हणालो. चहा येईपर्यंत ते आत गेले आणि माझेच छापील कागद घेऊन आले. गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर यंत्रानं मूळ संख्यांची यादी जशी वाचली तशी छापली होती. ते पान मी कधी वाचलंच नव्हतं. तीनशे एकोणिसाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि शेजारी बारीक अक्षरात अकरा गुणिले एकोणतीस. शेवटच्या पानावर, संख्येखाली, त्यांच्या वळणदार आकड्यांत: ताळा ३. माझा ६.

"हे कवा पाह्यलं?" मी विचारलं. पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली होती.

"त्याच दिवशी. तुह्यी सायकल नाल्याच्या पलीकडं गेली नसन तवा."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुले विचारलं होतं ना मी. ताळा केला काय म्हून." त्यांनी कागद नीट लावून गुडघ्यावर ठेवले. "तुले वाटलं, याले काय समजते. म्या वाट पाह्यली. म्हटलं घरी जाऊन तरी करन. आठ दिवस पाह्यली, महिना पाह्यली."

"मी सचिवांकडं गेलो असतो, मास्तर. मले मालूम असतं त—"

"सचिव मले म्हने, दुसऱ्या खेपेले तुम्ही जुळवून घेतलं. चारचौघांत म्हने. त्याले गुनाकाराचं काय मालूम? त्याचा शब्द नव्हता तो." ते थांबले. "कोणाचा होता?"

चहा समोर आला होता. मी कप उचलला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"जागा नाही भेटली त्याचं वाईट वाटलं," ते म्हणाले. "खोटं काहून बोलू. पन त्या शब्दाचं जास्त वाटलं. आजवर लोकाइनं मले काय काय म्हटलं, पन आकड्यात खोटा हाये असं कोणी म्हटलं नव्हतं."

मी कार्बनची नक्कल काढून त्यांच्या हातात दिली. ही पाहा, चूक इथं झाली. त्यांनी कागद उजेडाकडं धरला आणि तो आकडा शोधून काढला.

"एक त मस्त काढला," ते म्हणाले. "गाठ गोल हाये. शेपटी बी ओळीपावतर आली." त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मीच शिकवला."

मी म्हणालो, आजच राळेगावला उतरून सचिवांना सगळं सांगतो. चूक माझी होती, संख्या बरोबर आहे, आणि जुळवून घेतल्याचं मी बोललो तेही खोटं. जागा आता परत मिळणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मास्तरांनी मला अडवलं नाही. आत जाऊन चौकटीच्या वहीतलं एक कोरं पान फाडून आणलं.

"सांगू नको, लिहून दे. बोललेलं त्याईच्या ध्यानात नाही राह्यत."

मी ते पान त्यांच्यासमोरच मांडीवर घेऊन लिहिलं. खाली सही केली. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. निघताना मी त्यांना पहिल्यांदा गुरुजी म्हणालो. त्यांनी ते ऐकलं आणि डाळीचं सूप पुन्हा हातात घेतलं.

नाक्यावर एस.टी. मिळाली. एका खिशात संस्थेचं पत्र होतं आणि दुसऱ्यात ते पान. वाटेत मी हिशोब करू लागलो. सचिव हे पान मंडळाला दाखवतील, मंडळातला कुणी कॉलेजात दाखवील, तिथून गोष्ट संस्थेत जाईल. हातचा लिहिणाऱ्याला एक काढता येत नाही म्हणतील. एक आकडा उतरवताना चुकला म्हणून मला कुणी नाकारलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. चुकीचं एवढं काही नव्हतं. पण 'जुळवून घेतलं' हे मी म्हणालो होतो, आणि तेही त्या पानावर माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी होतं.

मास्तर पुढं त्याच गावच्या शाळेतून निवृत्त झाले, मास्तर म्हणूनच. ते पान अजून माझ्याजवळ आहे. चौकटी फिक्या पडल्या आहेत, अक्षर वाचता येतं.

राळेगावला गाडी स्टँडवर लागली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले. हायस्कूल समोरच होतं, खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती. मधली सुट्टी झाली असावी, पोरं तोटीखाली ओंजळी धरून पाणी पीत होती. गाडी पंधरा मिनिटं थांबली. मी उतरलो नाही.